गारवा जातो कोठें?

आपल्या भाषेंत कांहीं वाक्यें अशीं आहेत कीं, तीं एकदां उच्चारलीं म्हणजे पुढें विचार करण्याचें प्रयोजनच उरत नाहीं. 'काळ वाईट आला आहे' हें त्यांपैकीं एक. 'त्याच्या नशिबांत तेवढेंच होतें' हें दुसरें. अशा वाक्यांचा मोठा गुण हा कीं, तीं ऐकणाऱ्याचें समाधान करतात आणि बोलणाऱ्याची सुटका करतात. मोटारी बाळगणाऱ्या आमच्या मध्यम वर्गानें या जुन्या ठेव्यांत एका नव्या वाक्याची भर घातली आहे. तें वाक्य म्हणजे 'गॅस संपला.' मोटारींतील वातानुकूलनाचें यंत्र चालू आहे, पंखा घरघरत आहे, झरोक्यांतून वाराहि येत आहे, परंतु त्या वाऱ्यांत गारवा मात्र नाहीं, अशी अवस्था झाली कीं घरांतील शाळकरी मुलापासून शेजारच्या निवृत्त तहसीलदारापर्यंत सर्वांचें निदान एकच: गॅस संपला, भरून आणा.

मी इतिहासाचा अध्यापक आहें. यंत्रांशीं माझा संबंध बहुधा त्यांचीं देयकें चुकविण्यापुरताच येतो. तेव्हां एकाद्या यंत्राच्या पोटांतील वायूविषयीं मीं लेखणी उचलावी याचें वाचकांना नवल वाटेल. परंतु जी गोष्ट होती ती आतां नाहीं, तर तिचें काय झालें, हा प्रश्न आमच्या विषयाचा गाभा आहे. साम्राज्यें 'संपलीं' असें म्हणणारा इतिहासकार आम्ही कच्चा समजतों. मग गॅस संपला असें म्हणणारावर विश्वास काय म्हणून ठेवावा?

हा प्रश्न मला चैनीखातर पडला नव्हता. माझी वडील बहीण पैठणास राहते. वय सत्तरीच्या पुढें गेलेलें. दोन वर्षांपूर्वीं तिचीं मूत्रपिंडें थकलीं आणि तेव्हांपासून आठवड्यांतून दोनदां तिला डायलिसिसकरितां छत्रपति संभाजीनगरास आणावें लागतें. अंतर सुमारें पन्नास किलोमीटर. ज्यांच्या घरीं हा आजार आहे त्यांना सांगावयास नको कीं, यांत रोग्याला सर्वांत जड जातें तें पाण्याचें मोजमाप. शरीरांत गेलेलें पाणी बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते. म्हणून दिवसभराचें पाणी एका लहानशा बाटलींत मोजून ठेवावयाचें आणि तें घोटाघोटानें पुरवावयाचें. मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांवर गेलेला असतांना ढोरकीन, बिडकीन, चितेगांव या उघड्या रस्त्यानें जाणारा निरोगी माणूस तहान लागतांच बाटली तोंडाला लावतो. अक्काला तेंहि स्वातंत्र्य नाहीं. घाम आला कीं तहान लागणार, तहान लागली कीं पाण्याची आठवण होणार, आणि पाणी तर मोजकें! इतरांना मोटारींतील गारवा ही चैन असेल. तिला तो पाण्याचाच एक पर्याय होता.

हें मी मुद्दाम सांगतों. कारण आमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत या यंत्राविषयीं एक संकोच दडून बसलेला असतो. आमच्या वडिलांच्या पिढीनें उन्हाळे काढले ते वाळ्याच्या पडद्यांवर, माठाच्या पाण्यावर आणि दुपारच्या झोपेवर. मग आपणच एवढे नाजूक कां झालों, असें मनाला टोचत राहतें. परंतु थोडें मागें वळून पाहिलें तर गारव्याचा हव्यास आजचा नाहीं. अकबराच्या पदरच्या अबुल फज़लनें 'आईन-इ-अकबरी'मध्यें सोऱ्याच्या द्रवांत सुरई फिरवून पाणी गार करण्याची रीत नोंदवून ठेविली आहे. आमच्याच गांवीं खाम नदीच्या काठीं पाणचक्कीचा जो प्रशस्त हौद आहे, त्याच्या तळाखालीं खांबांवर तोललेलें एक दालन आहे. हौदाचा तळ तेंच त्या दालनाचें छत. वर पाणी असल्यामुळें ऐन वैशाखांतहि तेथें जीव निवतो. अठराव्या शतकांतील त्या बांधणाऱ्यांना आम्ही नाजूक म्हणत नाहीं, शहाणे म्हणतों. तेव्हां गारवा मागण्यांत लाज नाहीं. तो कसा मिळतो आणि कसा जातो याविषयीं बेफिकीर राहण्यांत मात्र थोडी असावी.

गेल्या उन्हाळ्यांत एके दिवशीं चितेगांवच्या अलीकडेच झरोक्यांतून उष्ण वारा येऊं लागला. कांचा खालीं केल्या तर बाहेरचा वारा त्याहून तापलेला. अक्कानें पदर भिजवून डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "बापू, तुझी गाडीही माझ्याच वाटेला लागली म्हणायची. तिलाही आता वरचेवर दवाखान्यात न्यायचं." मी हंसलों, पण त्या 'वरचेवर' शब्दांतील नेमकेपणा माझ्या लक्षांत राहिला. कारण त्याआधींच्या दोन्ही उन्हाळ्यांत शहरांतील एका मोठ्या कार्यशाळेनें हेंच निदान करून याच गाडींत गॅस भरला होता. तिसऱ्या उन्हाळ्यांत तेथील तरुणाला मीं विचारलें, "मागच्या वर्षीं भरलेला गॅस गेला कोठें?" त्यानें अत्यंत सौजन्यानें उत्तर दिलें, "सर, तो दर वर्षी भरावाच लागतो. पेट्रोलसारखंच आहे ते."

पेट्रोलसारखें! या एका उपमेनें मला पुस्तकें उघडावयास लावलें.

प्रथम समजून घ्यावयाचें तें हें कीं, थंडी नांवाची वस्तु जगांत नाहीं. उष्णता आहे, ती एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेली कीं पहिल्या जागेला आपण थंड म्हणतों. गाडींतील यंत्र गारवा तयार करून आंत सोडीत नाहीं. तें आंतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. तें हमालाचें काम आहे, हलवायाचें नव्हे. ही हमाली कशाच्या जोरावर चालते, तें आपल्या घरांतील माठ रोज सांगत असतो. द्रवाची वाफ होतांना त्याला उष्णता लागते, आणि ती तो जवळच्या वस्तूंतून ओढून घेतो. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाऱ्यानें सुकतें आणि जातांना आंतल्या पाण्याची ऊब घेऊन जातें. अठराव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडांत विल्यम कलन यानें ईथर निर्वात जागेंत उकळवून हेंच तत्त्व प्रयोगानें दाखविलें. पुढें १८३४ सालीं जेकब पर्किन्स यानें त्यावर उभारलेल्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याची युक्ति ही कीं, एकदां वाफ झालेला द्रव वाऱ्यावर सोडून न देतां, ती वाफ दाबून पुन्हां द्रव करावी आणि पुन्हां पुन्हां कामाला लावावी.

मोटारींत घडतें तें याहून निराळें नाहीं. आजच्या बहुतेक मोटारींत जो वायु असतो त्याला आर-१३४ए म्हणतात. मोकळ्या हवेंत तो शून्याखालीं सुमारें सव्वीस अंशांवरच उकळतो. कॉम्प्रेसर हा वायु दाबतो, आणि दाबल्यानें तो तापतो. मग तो गाडीच्या तोंडाशीं बसविलेल्या कंडेन्सरच्या जाळींतून फिरतो. येथें एक विलक्षण गोष्ट आहे. बाहेरची हवा बेचाळीस अंशांची असली तरी आंतली उष्णता तिलाच द्यावयाची असते. आणि उष्णता तर अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडेच जाते. म्हणून वायूला दाबून साठ-पासष्ट अंशांपर्यंत चढवावें लागतें. म्हणजे गार करावयाचें तर प्रथम तापवावें लागतें! आपली उष्णता बाहेर टाकून तो वायु द्रव होतो. पुढें एका अरुंद छिद्रांतून तो एकदम मोकळ्या जागेंत येतो, दाब उतरतो, आणि डॅशबोर्डच्या मागें दडलेल्या कूलिंग कॉइलमध्यें तो उकळूं लागतो. उकळतांना तो गाडींतील हवेची ऊब शोषून घेतो आणि पुन्हां कॉम्प्रेसरकडे परततो. अशी ही प्रदक्षिणा अखंड चालते.

आतां वाचकांच्या लक्षांत येईल कीं, या साऱ्या प्रवासांत वायु कोठेंच खर्च होत नाहीं. पेट्रोल जळतें, हा जळत नाहीं. तो केवळ येरझारा घालतो. आपल्या स्वयंपाकघरांतील फ्रिज कारखान्यांत एकदां भरलेल्या वायूवर पंधरा-पंधरा वर्षें चालतो, आणि त्यांत दर उन्हाळ्यांत गॅस भरावा असें कोणी म्हणत नाहीं. मोटारीची गोष्ट थोडी अवघड आहे हें खरें. तिचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळें त्याचा दांडा बाहेर आलेला असतो व त्याभोंवतीं सील बसवावें लागतें. नळ्या रबराच्या असतात, सांध्यांना रबराचीं कडीं असतात, आणि सर्व सामग्री आमच्या रस्त्यांवरून आदळत जाते. म्हणून आठ-दहा वर्षांत थोडाफार वायु झिरपून जावा हें स्वाभाविक आहे. परंतु एका उन्हाळ्यांत भरलेला वायु दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत नाहींसा होतो, तेव्हां तो संपलेला नसतो. तो गेलेला असतो. आणि गेला याचा अर्थ त्याला वाट सांपडली आहे.

येथें माझ्या मनांत माठाची आठवण पुन्हां आली. माठ पाझरतो म्हणून गार राहतो. आमच्याकडील क्षारयुक्त पाण्यानें त्याचीं छिद्रें बुजलीं आणि पाझर थांबला, कीं त्याचा गारवा गेला. मग घरांतील बाई म्हणते, माठ जुना झाला, नवा आणा. मोटारीचें यंत्र याच्या नेमकें उलट. तें पाझरूं लागलें कीं त्याचा गारवा गेला. तत्त्व एकच, परंतु एकाचें जीवन छिद्रांत आहे आणि दुसऱ्याचें मरण छिद्रांत. वरवरचीं साम्यें पाहून निदान करणारांनीं हा दृष्टांत मनांत ठेवण्याजोगा आहे.

शेवटीं माझ्या एका सहकाऱ्यानें मला एका अरुंद गल्लींतील मिस्त्रीकडे पाठविलें. पत्र्याच्या छपराखालीं, डोक्याला ओलें फडकें बांधून तो काम करीत होता. शाळा त्यानें लवकर सोडली होती. परंतु त्याची निदानाची पद्धति पाहून मला आमच्या विद्यापीठांतील कित्येक प्रबंधांची कींव आली. त्यानें गॅसचें नांवहि काढलें नाहीं. त्यानें विचारलें, "गाडी पळताना गार होते, अन् सिग्नलला थांबली की गरम, असं होतं का?" मी नाहीं म्हणालों. "वारा जोरात येतो का?" येतो. "कधी गार, कधी गरम, असा खेळ?" तोहि नाहीं. "आधी कमी, मग आणखी कमी, मग बंद?" मी म्हणालों, अगदीं तसेंच.

मागाहून त्यानें या प्रश्नांचा अर्थ समजावून सांगितला तो येथें देतों, कारण तो ज्याच्या त्याच्या उपयोगी पडेल. गाडी पळत असतांना गारवा आणि उभी राहतांच गरम, तर दोष बहुधा वायूचा नसतो. कंडेन्सरवर वारा घालणारा पंखा बंद पडलेला असतो, किंवा त्या जाळींत आमच्या रस्त्यांची धूळ आणि चिलटें बसून वाऱ्याची वाट कोंदलेली असते. वारा गार आहे पण फुंकरीसारखा मंद, तर आंतला फिल्टर धुळीनें भरला आहे. प्रथम गार, मग वाराच बंद, आणि यंत्र थोडें थांबवून पुन्हां सुरू केलें कीं पूर्ववत, असें असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आहे. थोडा वेळ गार, थोडा वेळ गरम असा लपंडाव कधीं नळ्यांत शिरलेल्या पाण्याच्या अंशामुळें होतो. तो अरुंद छिद्रापाशीं गोठतो आणि वाट अडवितो. एका बाजूचा झरोका गार व दुसऱ्या बाजूचा गरम असेल, तर इंजिनाच्या उष्णतेची वाट उघडझांप करणारी आंतली झडप अडकली असण्याचा संभव. कॉम्प्रेसर मुळींच फिरत नसेल, तर वायरी पाहाव्या. रात्रीं बॉनेटखालीं शिरलेल्या उंदरानेंहि मोठमोठ्या साहेबांच्या गाड्या उष्ण केल्या आहेत. आणि गारवा महिन्या-महिन्यानें ओसरत गेला असेल, तरच वायु कोठें तरी झिरपतो आहे असें समजावें. वायु फार कमी झाला कीं दाब मोजणारा स्विच कॉम्प्रेसरला फिरूंच देत नाहीं, आणि हें बरेंच आहे. कारण कॉम्प्रेसरचें वंगण याच वायूबरोबर नळ्यांतून फिरत असतें. वायु कमी तर वंगण कमी, आणि वंगण कमी तर कॉम्प्रेसरचा कायमचा निकाल.

"गॅस संपत नसतो सर," तो म्हणाला, "निघून जातो." आणि मग त्यानें जाण्याची वाट शोधावयास आरंभ केला. कंडेन्सरच्या एका सांध्यापाशीं काळपट, तेलकट डाग होता. वायूबरोबर वंगणाचा अंश बाहेर पडतो व त्यावर धूळ चिकटते, म्हणून डाग हा चोराच्या पाउलखुणेसारखा असतो. त्यानें नळ्यांत नायट्रोजनचा दाब दिला आणि सांध्यावर साबणाचा फेस लावला. क्षणभर कांहीं झालें नाहीं. मग त्या फेसांत एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागीं दुसरा फुगला. दोन उन्हाळ्यांचें उत्तर त्या बुडबुड्यांत होतें. सांध्यांतील रबराचें कडें वठून गेलें होतें. त्याची किंमत चहाच्या चार पेल्यांहून अधिक नव्हती. नवें कडें बसवून, अर्धा तास पंपानें आंतली हवा व ओल काढून, कांटा हलत नाहीं याची खात्री झाल्यावर त्यानें वजनकांट्यावर तोलून वायु भरला. "जास्त झाला तरी गार होत नाही," असेंहि वर सांगितलें. गाडी सुरू करून दहा मिनिटें झालीं तेव्हां तिच्याखालीं पाण्याचे थेंब पडूं लागले. आंतल्या हवेंतील बाष्प थंड कॉइलवर निथळून बाहेर पडत होतें. ही गळती मात्र आरोग्याची खूण! पुढच्या खेपेस बिडकीन ओलांडण्यापूर्वींच अक्कानें शाल मागितली. तिनें थंडीबद्दल तक्रार केली, आणि ती तक्रार ऐकून मला जितका आनंद झाला तितका अलीकडे कोणत्याहि स्तुतीनें झाला नव्हता. बाटलींतलें पाणी त्या दिवशीं घरीं पोहोंचेपर्यंत अर्ध्याहून अधिक शिल्लक होतें.

या प्रसंगानंतर मला आमच्या शहराचा इतिहास वेगळ्या रीतीनें दिसूं लागला. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें नगर वसविलें, आणि पुढें त्या दशकांतच उत्तरेकडील डोंगरपायथ्याचें पाणी भुयारी नळांनीं शहरांत आणलें. नहर-ए-अंबरी ती हीच. जमिनीच्या उतारानें पाणी वाहावें, नळांत कोंडलेल्या हवेला सुटण्यास वाट मिळावी, यासाठीं जागोजाग उच्छ्वास व मनोरे बांधले होते. तीं शतकें तगलेली नहर आज बहुतेक ठिकाणीं मोडकळीस आली आहे. ती कोरडी पडली तेव्हां लोक काय म्हणाले असतील? 'डोंगरांतलें पाणी संपलें' असेंच पुष्कळांनीं म्हटलें असेल. परंतु नळ कोठें खचला, कोठें कोणीं पाया खणतांना फोडला, कोठें गाळ बसला, हें पाहण्यापेक्षां नवें पाणी दुसरीकडून आणणें सोपें वाटलें. १९७६ सालीं पुरें झालेलें जायकवाडी धरण अक्काच्या दारांत आहे; तेथून उचललेलें पाणी पन्नास किलोमीटर वर चढवून आमच्या नळांत येतें. तरीहि या शहरानें नळाला आठ-आठ दिवसांनीं पाणी येण्याचीं वर्षें पाहिलीं आहेत, आणि त्याच काळांत फुटलेल्या जलवाहिनीचीं कारंजीं रस्त्यांवर नाचतांनाहि पाहिलीं आहेत. अधिक भरा, अधिक आणा, ही आपली जुनी रीत आहे. छिद्र शोधण्याचें काम अंगाला डाग पाडणारें, वेळ खाणारें आणि कीर्ति न देणारें असल्यामुळें तें गल्लींतल्या मिस्त्रीसाठीं राखून ठेवलेलें असतें.

आणि जें निघून जातें तें जातें कोठें? या प्रश्नाचें उत्तर अधिक गंभीर आहे. पूर्वीं शीतयंत्रांत अमोनिया किंवा गंधकाचे विषारी वायु वापरीत. ते निसटले म्हणजे माणसें दगावत. तेव्हां अमेरिकेंत टॉमस मिजली यानें एक निर्विष वायु सिद्ध केला आणि १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत तो स्वतः छातीभर ओढून, त्याच फुंकरीनें मेणबत्ती विझवून दाखविली. विषहि नाहीं आणि ज्वलनहि नाहीं, म्हणून जगानें त्या वायूला डोक्यावर घेतलें. १९४० च्या पॅकार्ड मोटारींत कारखान्यांतच बसविलेलें पहिलें वातानुकूलन आलें तें याच जातीच्या वायूवर. त्या यंत्रानें सामानाची अर्धी जागा व्यापली होती, आणि तें पूर्णपणें बंद करावयाचें तर इंजिन थांबवून पट्टा काढून ठेवावा लागे! पुढें १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड यांनीं दाखवून दिलें कीं, हा निरुपद्रवी दिसणारा वायु आकाशांत उंच जाऊन, सूर्याचे तीव्र किरण अडविणारें ओझोनचें आवरण खातो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें त्याला जगानें निरोप द्यावयास आरंभ केला, आणि १९९५ सालीं त्या दोघांना क्रुट्झेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच्या जागीं आलेला आपला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं, परंतु त्याचा दुसरा एक दुर्गुण आहे. हवेंत गेल्यावर शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. मोटारींत तो सुमारें अर्धा किलो असतो. तो सर्व निसटला तर सातशें किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखें होतें. म्हणजे सुमारें तीनशें लिटर पेट्रोल जाळण्याइतकें! २०१६ सालीं किगाली येथें या वर्गाचे वायु उत्तरोत्तर कमी करण्याचें ठरलें, आणि २०२१ सालीं भारतानेंहि त्यास मान्यता दिली. परंतु करार किगालीला झाला काय आणि दिल्लींत मान्य झाला काय, तो पाळला जावयाचा तो कंडेन्सरच्या सांध्यापाशीं, चार पेले चहाच्या किंमतीच्या कड्यावर. छिद्र न शोधतां दर उन्हाळ्यांत गॅस भरणारा कारागीर आपला गारवा तात्पुरता परत करतो, आणि पुढील सर्व उन्हाळे थोडेथोडे तापवून ठेवतो.

शिवाय हिशेबाची आणखी एक बाजू आहे, आणि ती यंत्र अगदीं निर्दोष चालत असतांनाहि लागू असते. आंतली उष्णता नाहींशी होत नाहीं. ती बाहेर पडते, आणि तीहि एकटी नव्हे, तर कॉम्प्रेसरला फिरविण्याच्या श्रमाची उष्णता बरोबर घेऊन. क्रांति चौकांत सिग्नल तांबडा असतो तेव्हां माझ्या गाडीची जाळी ती ऊब आसपास उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या आणि दुचाकीवरच्या बाईच्या पाठीवर सोडीत असते. अक्काला गारवा हवा, आणि तो मी तिला देत राहणार, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. परंतु तो गारवा आकाशांतून उतरलेला नाहीं, कोणाच्या तरी पाठीवरून तो मजपर्यंत आलेला आहे, एवढें विसरूं नये असें वाटतें. उन्हांत उभ्या राहणाऱ्यांसाठीं चौकांत झाड हवें, पाण्याची सोय हवी, हें मागण्याचें कर्तव्य कांचा वर केलेल्यांचें इतरांहून थोडें अधिक आहे.

मराठींत 'संपणें' आणि 'जाणें' हे दोन निराळे धातु आहेत, आणि दोहोंत अंतर मोठें आहे. संपलें त्याचा शोध करतां येत नाहीं. गेलें त्याचा करतां येतो. आमच्या वर्गांतील मुलांची जिज्ञासा संपली, गांवाचें पाणी संपलें, लोकांची माणुसकी संपली, असे उद्गार आम्ही प्राध्यापकांच्या खोलींत रोज काढतों आणि चहा मागवितों. त्या प्रत्येक वाक्यापुढें जर कोणी फडकें बांधलेला मिस्त्री येऊन उभा राहील आणि 'आधीं कमी, मग आणखी कमी, असेंच झालें ना?' एवढेंच विचारील, तर चहा थोडा निवेल खरा, परंतु कोणत्या सांध्याशीं तेलाचा डाग आहे तें पाहण्याकरितां आम्हांपैकीं एकादा तरी खुर्चीवरून उठेल.